चार फुटांचा अर्ज

मला पुण्याला पोचवायला त्या सकाळी रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर दहा हजार माणूस लोटलं होतं. बँड होता, हार होते, मिरकरवाड्यातल्या झाडून सगळ्या ट्रॉलरनी भोंगे वाजवले.

बरं, खरं सांगतो. चार माणसं होती आणि त्यातला एक कंडक्टर. उरलेली तिघं म्हणजे आई, बाबा आणि दत्तूकाका सुतार. माझी जीभ अशी घसरते. लहानपणापासून घसरते. पण हे लिहिताना घसरलो की माझा मीच मागे येणार आहे, कारण याच जिभेनं जे करून ठेवलंय तेच सांगायला बसलोय.

आईनं पिशवीत कुळथाचं पीठ, आमसुलं आणि सुके बांगडे असे भरले होते की पुण्यात दुष्काळच पडलाय. बाबा गाडीच्या टायरांकडे बघत होते. होडी पाण्यात लोटण्याआधी तिचा तळ बघायची सवय, ती एसटीलाही लागू. "पोचल्यावर फोन कर," ते म्हणाले. "आणि तिथं जास्त बोलू नको."

दत्तूकाकांनी काखेतून एक लाकडी पेटी काढली. "पक्या, घे. तुजे ब्रश ठेवायला. एक खिळा नाय हिच्यात, नुसत्या खाचा हायत."

आरे-वारेच्या अलीकडे खाडीकाठी आमची वाडी. तिथली प्रत्येक लाकडी होडी दत्तूकाकांच्या हातची. ते आणि बाबा चौथीपर्यंत एका बाकावर बसले आणि चौथीतच दोघांनी मिळून शाळा सोडली. तेव्हापासून एकाला ठसका लागला की दुसऱ्यानं पाणी प्यायचं, अशी दोस्ती.

"पण नोकरी लागली कशी रे तुला?" दत्तूकाकांनी विचारलं.

"माझा अर्ज आवडला त्यांना."

"कसला अर्ज?"

"चार फुटांचा."

तिघंही हसले. कंडक्टरसुद्धा हसला. दत्तूकाकांनी माझ्या पाठीत धपाटा घातला, "मेल्या, स्टँडवर तरी खरं बोल!"

आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललो होतो.

त्याचं असं झालं. रत्नागिरीत कॉलेज करताना मी होड्यांवर नावं रंगवायचो. ब्रशचा हात चांगला होता. अक्षर असं काढायचो की पापलेटं वाचायला वर यायची. पदवी मिळाल्यावर सतराशे साठ अर्ज पाठवले. एकाचंही उत्तर नाही. सगळ्यांचे अर्ज सारखेच, मेहनती, प्रामाणिक, टीममध्ये काम करण्याची आवड. वाचणाऱ्याला जांभया येऊन त्याचा जबडा निखळत असणार. मग पुण्यातल्या एका जाहिरात कंपनीची जागा दिसली. त्यात लिहिलं होतं, साधा बायोडेटा आम्ही उघडत नाही, कचऱ्याच्या डब्यात मावणार नाही असं काहीतरी पाठवा.

मी मान वर केली आणि माझी नजर माळ्यावर गेली.

आमच्या घराण्यात एक चाल आहे. जुनी होडी मोडीत काढली की तिच्या पुढच्या टोकाची एक फळी काढून ठेवायची आणि नवी होडी बांधताना ती तिच्यात बसवायची. म्हणजे प्रत्येक होडीत आधीच्या होडीचा तुकडा, त्या आधीच्या होडीतही तसाच. फळी कुठली काढायची ते सुतारानं ठरवायचं आणि तिच्या पाठीवर आपली खूण करायची. आजोबांची होडी मोडली तेव्हा दत्तूकाकांनी निवडलेली सागवानी फळी आमच्या माळ्यावर होती. चार फूट लांब, वर्षानुवर्षं माशाचं तेल पिऊन काळीभोर झालेली.

बाबा तेव्हा दुसऱ्याच्या ट्रॉलरवर जात होते. जो तो फायबरच्या होड्या घेत होता. मी मनाशी म्हटलं, आता आपल्याकडे लाकडाची होडी कोण बांधतंय? वाळवीच्या पोटात जाण्यापेक्षा माझ्या कामी येऊ दे. अशा वेळी मनाशी बोलायला मी फार पटाईत आहे. मनानंही लगेच होकार दिला. बाबांना मात्र विचारलं नाही.

फळी घासून घेतली आणि होडीच्या अंगावर लिहितात तसा माझा बायोडेटा तिच्यावर पांढऱ्या रंगात रंगवला. नाव, प्रकाश. बंदर, आमची वाडी, जिल्हा रत्नागिरी. नोंदणी क्रमांकाच्या जागी मोबाइल नंबर. बांधणीचं साल म्हणजे जन्मसाल. वहनक्षमता, तीन माणसांचं काम. इंधन, चहा. वादळातला अनुभव, भरपूर. सोबत एक पत्र जोडलं. माझे आजोबा समुद्रात बुडाले तेव्हा याच फळीला धरून तीन दिवस तीन रात्री तरंगत राहिले आणि चौथ्या दिवशी किनाऱ्याला लागून घरी चालत आले, अशी त्यात हकीकत होती. आजोबांना समुद्रानं कधी ओरखडासुद्धा काढला नव्हता. ते घरात, खाटेवर, दमा होऊन गेले.

गोणपाटात गुंडाळून फळी एसटीच्या पार्सलनं पाठवली. घरी सांगितलं, दुकानाची पाटी आहे. आठव्या दिवशी पुण्याहून फोन आला.

पुण्यात माझ्या मॅडमनी, शर्वरी त्यांचं नाव, ती फळी रिसेप्शनच्या भिंतीवर चार स्क्रू मारून लावली. वर तीन फोकस लाइट. कोणी क्लायंट आला की त्याला आधी फळीपुढे उभं करायच्या आणि मला बोलवायच्या. "प्रकाश, ती तुझ्या ग्रँडफादरची स्टोरी सांग ना." मी सांगायचो. पहिल्या वर्षी आजोबा तीन दिवस तरंगले, दुसऱ्या वर्षी पाच दिवस झाले आणि मधे एक देवमासाही येऊन गेला. एसी लावलेल्या त्या खोलीत फळीला माशाच्या तेलाचा बारीक वास यायचा. बाकीच्यांना तो युनिक वाटायचा. मला तो वास आला की बाबांचा सदरा दिसायचा आणि मी डेडलाइनचं निमित्त काढून आत पळायचो.

वाडीतल्या मंडळींनो, तुम्हाला वाटत असेल, गेलेला माणूस तिकडे मजेत असतो. असतोही. मला बीन बॅगवर बसून विचार करण्याचा पगार मिळतो, हे बाबांना मी अजून नीट समजावू शकलेलो नाही. आणि माझ्यासारखे जे गेलात, ते तरी सांगा, आपण नुसते जात नाही ना? घरातलं काहीतरी उचलून नेतो आणि तिकडे भिंतीवर लावतो. मी तर सरळ स्क्रू मारून लावलं.

पुण्याला येऊन सहा महिने झाले तेव्हा बाबांचा फोन आला. आवाजात मी कधी न ऐकलेला हुरूप. "ट्रॉलर सोडलाय. आता स्वतःची छोटी होडी बांधतो, लाकडाची. खाडीतच फिरायचं. दत्तूनं सांगाडा उभा केलाय. फक्त माळ्यावरची फळी मिळत नाय. जाण्याआधी माळा तू आवरलेलास ना? बघलीस काय रे कुठं?"

खरं सांगायला चार शब्द पुरले असते. बाबा, फळी मी नेली. ते माझ्या ओठांवरही होते. पण माझ्या तोंडात खरं उभं राहीपर्यंत खोटं धावून परत आलेलं असतं.

"दत्तूकाकाच घेऊन गेले ना?" मी म्हणालो. "मी निघायच्या आठवड्यात. खांद्यावर टाकून जाताना बघितलं मी. रंधा मारायला नेली असेल."

मला वाटलं, दत्तूकाका नाही म्हणतील, बाबा म्हणतील पक्याचं काय खरं नाय, आणि दोघं दुसरी फळी शोधतील. सगळ्या वाडीला ठाऊक होतं की माझ्या दहा गोष्टींतल्या अकरा खोट्या असतात. जन्मभर माझं कोणी खरं मानलं नाही. नेमकी तीच एक गोष्ट बाबांनी खरी धरली.

कारण त्याच सुमारास दत्तूकाकांनी पलीकडच्या वाडीतल्या एकाची होडी बांधून दिली होती. बाबांच्या डोक्यात आलं, आपली फळी त्याच्या होडीत गेली. आमच्याकडे हे म्हणजे एकाच्या देव्हाऱ्यातला देव उचलून दुसऱ्याच्या देव्हाऱ्यात बसवण्यासारखं. पुढचं मला आईनं फोनवर सांगितलं. बाबा दत्तूकाकांच्या शेडमध्ये गेले आणि विचारलं. दत्तूकाका म्हणाले, मी नेली नाय. बाबा म्हणाले, पक्यानं बघितलंय.

दत्तूकाका हसले. "रामभाव, तुजा पक्या कधी खरं बोललाय काय?"

तिथं बिघडलं. हेच वाक्य बाबा स्वतः दिवसातून चारदा म्हणायचे. पण दुसऱ्यानं म्हटल्यावर ते माझ्या बाजूनं उभे राहिले. "माजा पोर थापा मारतो," ते म्हणाले, "पण कुणावर चोरीचा आळ घालायचा नाय."

दत्तूकाकांनी हत्यारं पिशवीत भरली आणि किनाऱ्यावरचा सांगाडा होता तसा टाकून निघून गेले. दुसऱ्या सुताराला बोलवायला बाबा तयार नव्हते. दोन पावसाळे तो सांगाडा नारळाच्या झापांखाली बसून राहिला. मी गणपतीला घरी गेलो की तो दिसायचा, हाडं मोजता येतील अशा जनावरासारखा. बाबा माझ्यापुढे पाऊसपाण्याची, माशांच्या भावाची गोष्ट काढायचे, त्याची नाही. आणि मीही काढायचो नाही. एरवी घागरीला बोलतं करणारा माणूस मी. तिथं मात्र तोंडात जणू बाभळीचा डिंक.

दुसऱ्या वर्षी दत्तूकाकांच्या सुमनचं लग्न झालं. सुमन म्हणजे जिला बाबांनी खांद्यावर बसवून जत्रा दाखवली, जी मला राखी बांधायची. दत्तूकाकांनी आमंत्रण धाडलं होतं, पण स्वतः आले नव्हते. बाबा गेले नाहीत. आई एकटी साडीचोळी घेऊन गेली. फोनवर म्हणाली, "सगळी पंगत बसली तरी दत्तूभावजींनी आपल्या शेजारचं पान रिकामं ठेवलेलं. वाढलेलं होतं रे पान. कुणाला बसू दिलं नाय त्यांनी तिथं."

"आणि बाबा?"

"ते सांगाड्यात जाऊन बसलेले. सनई ऐकू येत होती तिथपर्यंत."

त्या दिवशी ऑफिसात मी एका बिस्किटासाठी ओळ लिहीत होतो, घरची चव, कुठेही. मॅडमना फार आवडली.

तरीही मी बोललो नाही. कशानं बोललो तेही सांगतो, म्हणजे मी स्वतःहून शहाणा झालो असं कोणाला वाटायला नको. ऑफिसात येणारे अर्ज चाळायचं काम आता माझ्याकडे आलं होतं. एकानं केकवर बायोडेटा पाठवला, तो मुंग्यांनी वाचला. एकानं छत्रीवर छापला. एक दिवस देवरूखच्या एका मुलीचं पार्सल उघडलं, तर आत सूप. तांदूळ पाखडायचं, वापरून वापरून कडा झिजलेलं. त्यावर तिनं बारीक अक्षरात लिहिलं होतं, फोलकट उडवून जे उरलं ते एवढंच आहे. आणि खाली फक्त चार ओळी.

मी तिला फोन लावला. नोकरीबद्दल काही विचारण्याआधी तोंडातून निघालं, "हे सूप घरी विचारून आणलंस का गं?"

"म्हणजे काय सर!" ती म्हणाली. "आईचंच आहे. मला तर नवीन घ्यायचं होतं. आई म्हणाली नव्यावर तांदूळ सरकत नाय, माजं ने. पण काम झाल्यावर परत पाठवा म्हणालीय. तिचं अडतंय."

एवढंच करायचं होतं मला. विचारायचं होतं. बाबांनी ती फळी कदाचित दिलीही असती. नसती दिली, तर मी दुसऱ्या फळीवर रंगवलं असतं. पुण्यातल्या लोकांना कुठल्याही फळीचं कौतुक वाटलं असतं.

त्याच दुपारी जिन्यात उभं राहून बाबांना फोन केला. "बाबा, फळी दत्तूकाकांनी नेली नाही. मी नेली. पुण्यात ऑफिसच्या भिंतीवर आहे. तिच्यावर माझा बायोडेटा रंगवलाय, वर तीन लाइट लावलेत."

बाबा हसायला लागले. दोन वर्षांत पहिल्यांदा हसले असतील.

"लाइट पण लावलेत?" ते म्हणाले. "दत्तूचं आणि माजं जुळावं म्हणून सोताच्या अंगावर घेतंस काय रे? मोठ्या मनाचा हायस. पण थाप तरी पटेल अशी मार."

मी फोटो पाठवला. तो बघून म्हणाले, "तुमच्या धंद्यात असली चित्रं करतातच. मोबाइलवर हल्ली वाघ पण भाकऱ्या थापतो."

शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या. पण ते मला मोठ्या मनाचा म्हणाले. आता फळी घेऊन जाण्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

मॅडमना सगळं सांगितलं. आजोबा कधी बुडाले नाहीत, हेही सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "प्रकाश, देवमासा आला तेव्हाच मला कळलं होतं. आम्ही नोकरी कुठे फळीला दिली? ती तुझ्या थापेला दिली." त्या हे कौतुकानं म्हणाल्या. स्क्रू त्यांनी स्वतः काढून दिले.

परतीच्या एसटीत कंडक्टरनं फळीकडे बघितलं, तिच्यावरचं सगळं वाचलं आणि विचारलं, "हिचं अर्धं तिकीट फाडू की फुल?" आंबा घाटात प्रत्येक वळणाला फळी माझ्या गुडघ्यावर आपटत होती. पूर्ण प्रवासात शेजाऱ्याला मी एकही गोष्ट सांगितली नाही. हे मात्र कोणाला खोटं वाटलं तरी चालेल.

घरी गेलोच नाही, थेट दत्तूकाकांच्या शेडकडे निघालो. वाटेतून बाबांना फोन करून तिथंच बोलावलं. दत्तूकाका वल्हं तासत होते. मी फळी समोर ठेवली. त्यांनी ती उचलली, बोटाच्या पेरानं दोनदा वाजवली, नाकाशी नेली, मग उलटी केली. पाठीवर त्यांची खूण होती, पटाशीनं मारलेल्या दोन तिरक्या रेघा. त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला. तेवढ्यात बाबा दारात येऊन उभे राहिले. त्यांनी खूण पाहिली, सुलट बाजूचा माझा मोबाइल नंबर पाहिला आणि खाली बघायला लागले.

मी बोलायला तोंड उघडलं. दत्तूकाकांनी हात वर केला. मला थांबवायला त्यांना तेवढंच पुरलं.

"रामभाव," ते म्हणाले, "उभा कशाला? बस."

बाबा बसले. "दत्तू, चुकलं माजं."

"तुजं नाय," दत्तूकाका म्हणाले. "बाप पोराचं ऐकणारच. मी पण ऐकलं असतं." मग पहिल्यांदा माझ्याकडे वळले. "फळी आणलीस, बरं केलंस. सुमनच्या लग्नातलं ते पान कुठनं आणशील?"

मी खाली पडलेल्या वल्ह्याच्या ढलप्या गोळा करायला लागलो.

बाबा म्हणाले, "रंधा मार दत्तू, सगळं काढून टाक." दत्तूकाकांनी मान हलवली. चष्मा लावला, पटाशी घेतली आणि माझा बायोडेटा नजर पडेल तिथून वाचायला लागले, मोठ्यानं. "वहनक्षमता, तीन माणसांचं काम. खोटं." खर्रकन खरवडलं. "वादळातला अनुभव, भरपूर. हा तर पडवीत पण छत्री घेऊन बसायचा." खर्र. "इंधन, चहा." इथं दोघांनी एकमेकांकडे बघितलं. "हे खरं हाय रे, पण होडीच्या काय कामाचं?" खर्र. मग नंबर आणि साल खरवडून नावाशी आले. "प्रकाश. होडीवर माणसाचं नाव कशाला?" तेही गेलं. पांढरी साल माझ्या चपलांवर येऊन पडत होती. तिथून हलावं असं वाटत होतं आणि हलायची छाती होत नव्हती.

शेवटी एकच ओळ राहिली, बंदर, आमची वाडी, जिल्हा रत्नागिरी. तिच्याशी पटाशी थांबली.

"हे राहू दे," ते म्हणाले. "एवढं तरी खरं लिहिलंय."

होडी त्याच मोसमात पाण्यात गेली. फळी पुढच्या टोकाला आतल्या अंगाला आहे. सुट्टीत मी बाबांबरोबर खाडीत जातो तेव्हा मला तिच्यासमोर बसवतात आणि मी ती ओळ वाचत बसतो. पुण्याच्या भिंतीवर चार भोकं तशीच आहेत. देवरूखची मुलगी आता माझ्या शेजारी बसते. तिच्या आईचं सूप आम्ही पहिल्या आठवड्यातच परत पाठवलं.

बाबा आणि दत्तूकाका संध्याकाळी पुन्हा एकत्र बसतात. सुमन माहेरी आली की आमच्याकडे येते, आईशी बोलते. मला राखी ती पोस्टानं पाठवते. हातानं बांधत नाही. मीही विचारत नाही.

दत्तूकाका माझ्याशी बोलतात, नाही असं नाही. "काय पुणेकर, कधी आलात? कधी निघालात?" चहा विचारतात. पक्या मात्र म्हणत नाहीत. त्यांनी दिलेली बिनखिळ्याची पेटी पुण्यात माझ्या टेबलावर आहे, ब्रश तिच्यातच असतात. पुण्यात मला घर आहे, किल्ली आहे, नावाची पाटीसुद्धा आहे, मीच रंगवलेली. वाडीत मी रत्नागिरीच्या स्टँडवर उतरून पोचतो, पायवाटेनं जातो, आई पानावर भात वाढते, तरी पोचलोय असं अजून म्हणवत नाही. एखाद्या दिवशी शेडवरून जाताना स्टँडवरच्यासारखा धपाटा पाठीत बसेल आणि दत्तूकाका म्हणतील, "पक्या, मेल्या, खरं बोल." त्या दिवशी मी घरी आलो असं समजेन.